ग्रामीण रस्त्यांची निगा : नियोजन आणि निधी

नवा रस्ता मंजूर होतो तेव्हा गावात आनंद होतो. भूमिपूजन होते, नारळ फुटतो, कोनशिला बसते. तोच रस्ता पुढे पंधरावीस वर्षे वापरण्याजोगा राहावा म्हणून दरवर्षी जे काम करावे लागते, त्याच्या वाट्याला मात्र ना समारंभ येतो ना कोनशिला. गटार उपसणे, मोरीचे तोंड मोकळे करणे, साइडपट्टीवर मुरूम टाकणे, वेळच्या वेळी खड्डा बुजवणे ही कामे कोणाच्या नजरेत भरत नाहीत. ती झाली नाहीत म्हणजे काय होते, हे मात्र दोनतीन पावसाळ्यांत सर्वांच्या नजरेस येते. एस.टी.ची फेरी गावाच्या अलीकडच्या फाट्यावरूनच परत फिरू लागते, दूध संकलनाची गाडी उशिरा येते, शाळेत येणाऱ्या मुलांना चिखल तुडवावा लागतो आणि अडलेल्या बाळंतिणीला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेताना मोलाचा वेळ रस्त्यातच जातो.

रस्ता बांधणे हा एकदाचा खर्च आहे, तर रस्ता राखणे हा कायमचा. या दोन खर्चांतील फरक ध्यानात घेऊन आखणी करणे हे स्थानिक स्वराज्य संस्थांपुढील एक अवघड काम होय. महाराष्ट्रात ही जबाबदारी मुख्यतः जिल्हा परिषदांवर आहे. ती कशी पार पाडली जाते, पैसा कोठून येतो आणि थोड्या पैशात अधिक रस्ते कसे टिकवता येतात, याचा येथे विचार केला आहे.

रस्त्यांची वर्गवारी व जबाबदारी

कोणता रस्ता कोणी राखावयाचा हे त्याच्या दर्जावरून ठरते. देशातील रस्त्यांची दर्जानुसार प्रतवारी करण्याची पद्धत 1943 च्या नागपूर योजनेपासून रूढ झाली. राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग अशी ही उतरंड आहे. महाराष्ट्रात प्रमुख राज्य मार्ग, राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे आहेत. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे आहेत. गावठाणातील गल्ल्या व अंतर्गत रस्ते ग्रामपंचायतीने पाहावयाचे असतात.

महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम 1961 साली झाला व 1 मे 1962 पासून राज्यात जिल्हा परिषदा काम करू लागल्या. तेव्हापासून जिल्हा परिषदेचा बांधकाम विभाग, त्याचे कार्यकारी अभियंता आणि तालुका पातळीवरील उपअभियंते ही रस्त्यांची कार्यकारी यंत्रणा आहे. धोरणविषयक निर्णयांसाठी बांधकाम समिती, आर्थिक बाबींसाठी अर्थ समिती व सर्वांवर स्थायी समिती अशी रचना कायद्यानेच केलेली आहे. 24 एप्रिल 1993 पासून अमलात आलेल्या 73 व्या घटनादुरुस्तीने अकराव्या अनुसूचीत पंचायत राज संस्थांचे जे 29 विषय नमूद केले, त्यांतील तेरावा विषय रस्ते, मोऱ्या, पूल, तरी, जलमार्ग व दळणवळणाची इतर साधने हा आहे.

प्रत्येक रस्त्याला त्याच्या दर्जानुसार क्रमांक असतो. ‘इ.जि.मा.’ वा ‘ग्रा.मा.’ या अक्षरांपुढील आकडा ही केवळ कार्यालयीन खूण नव्हे. ज्या रस्त्याला क्रमांक नाही, त्याची नोंद रस्ते विकास आराखड्यात नसते आणि ज्याची नोंद नाही त्याच्या देखभालीची तरतूदही सहसा होत नाही. टंचाईच्या काळात मजुरांना काम देण्यासाठी जे मातीचे व मुरमाचे रस्ते झाले, त्यांतील काही असेच नोंदीबाहेर राहिले. आपल्या गावाचा रस्ता कोणत्या दर्जाचा, त्याचा क्रमांक काय आणि लांबी किती, ही माहिती प्रत्येक ग्रामपंचायत सदस्यास असणे म्हणूनच आवश्यक आहे. मागणी योग्य दारी करावयाची तर हे पहिले पाऊल होय.

रस्ता का बिघडतो

रस्त्याचे दोन शत्रू : पाणी आणि भार. त्यांतही पाणी अधिक घातक. रस्त्याचा मध्य उंच व कडा खाली असा जो उतार दिलेला असतो, त्यामुळे पडलेले पाणी तत्काळ कडेला जाते. ग्रामीण भागातील पातळ डांबरी थराच्या रस्त्यास हा उतार साधारणतः शेकडा 3 ते साडेतीन व खडीच्या रस्त्यास साडेतीन ते 4 इतका ठेवतात. पावणेचार मीटर रुंदीच्या डांबरी रस्त्याचा मध्य त्यामुळे कडेपेक्षा सुमारे सहा सेंटिमीटर उंच असतो. एवढासा हा उंचवटा नाहीसा झाला, किंवा साइडपट्टी रस्त्यापेक्षा उंच होऊन पाणी अडले, की पाणी डांबरी थराखाली मुरू लागते. खालचा थर मऊ होतो, वरून चाक गेले की तो दबतो, डांबरी थराला भेगा पडतात आणि पहिला खड्डा तयार होतो. खड्ड्यात साचलेले पाणी पुढील खड्डा तयार करते.

जमीन व पाऊस यांनुसार या दुखण्याचे स्वरूप बदलते. मराठवाडा व विदर्भातील काळी जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. अशा जमिनीवरील रस्त्याखाली मुरमाचा पुरेसा थर नसेल, तर वर कितीही डांबर ओतले तरी रस्ता लाटांसारखा होतो. कोकणात जमीन बहुधा कठीण जांभ्याची असली तरी पावसाचा मारा मोठा व उतार तीव्र. तेथे बाजूची गटारे व मोऱ्या हाच रस्त्याचा प्राण आहे. घाटाच्या कुशीतील गावांना दरड कोसळण्याचा प्रश्न आहे. एकच दर, एकच पद्धत व एकच वेळापत्रक सर्व जिल्ह्यांना लावता येत नाही ते यामुळेच.

दुसरा शत्रू भार. आसावरील भार दुप्पट झाला तर रस्त्याची झीज दुप्पट न होता सुमारे सोळापट होते, असा निष्कर्ष अमेरिकेत 1958 ते 1960 या काळात झालेल्या रस्तेविषयक प्रयोगांतून निघाला व आजही रस्त्यांची आखणी करताना त्या तत्त्वाचा आधार घेतला जातो. ग्रामीण रस्ते मुख्यतः हलक्या वाहतुकीसाठी बांधलेले असतात. गळीत हंगामात उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, खाणीतून खडी नेणारे डंपर व वाळूची वाहने त्यांवरून जाऊ लागली, की पाच वर्षे टिकावयाचा थर एकदोन हंगामांतच उखडतो.

देखभालीचे चार प्रकार

देखभाल म्हणजे खड्डे बुजवणे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः तिचे चार प्रकार आहेत व प्रत्येकाचे नियोजन निराळे करावे लागते.

पहिली नित्य देखभाल. गटारे व मोऱ्या साफ करणे, साइडपट्ट्या नीट करणे, झुडपे तोडणे, सुटे खड्डे भरणे, दिशादर्शक व अंतरदर्शक दगड रंगवणे ही कामे वर्षभर चालू राहतात. पूर्वी रस्त्याच्या ठरावीक लांबीवर मैलमजूर नेमलेला असे. त्या मजुराला आपल्या हद्दीतील प्रत्येक मोरी ठाऊक असे व पाऊस सुरू होताच फावडे घेऊन तो रस्त्यावर निघे. कालांतराने ही नेमणूक कमी होत गेली. तिची जागा भरून काढणारी व्यवस्था जेथे झाली नाही, तेथे दहा मिनिटांच्या फावड्याच्या कामासाठी पुढे लाखांचे अंदाजपत्रक करण्याची वेळ येते.

दुसरे नियतकालिक नूतनीकरण. रस्ता वरून चांगला दिसत असला तरी डांबर उन्हापावसाने जुने होऊन ठिसूळ बनते. साधारणपणे पाच ते सहा वर्षांनी वरचा थर नव्याने द्यावा लागतो. रस्ता उखडण्यापूर्वीच हे करावयाचे असते, हे यातील मर्म होय. तिसरी विशेष दुरुस्ती : खचलेला भाग, मोडलेली मोरी, वाहून गेलेली संरक्षक भिंत इत्यादी. आणि चौथी पूरहानीची दुरुस्ती. अतिवृष्टी किंवा पूर केव्हा येईल हे सांगता येत नसले तरी तो येणार, हे गृहीत धरून त्यासाठी काही रक्कम राखून ठेवणे शहाणपणाचे ठरते.

हिशोबाचे एक उदाहरण

नूतनीकरण लांबणीवर टाकल्यास काय होते, हे एका काल्पनिक तालुक्याच्या हिशोबावरून पाहू. समजा, तालुक्यात जिल्हा परिषदेचे 300 किलोमीटर रस्ते आहेत व त्यांपैकी 150 किलोमीटर डांबरी आहेत. दर सहा वर्षांनी नूतनीकरण करावयाचे ठरवले, तर दरवर्षी 25 किलोमीटर रस्ता हाती घ्यावा लागेल. परंतु निधी केवळ 15 किलोमीटरपुरताच मिळाला, तर सर्व रस्त्यांची फेरी पूर्ण होण्यास सहाऐवजी दहा वर्षे लागतील. सहा वर्षांच्या अखेरीस 90 किलोमीटर रस्त्यांचे काम झालेले असेल व 60 किलोमीटर रस्ते मुदत उलटून गेलेले असतील.

हे 60 किलोमीटर मग नूतनीकरणाने सुधारत नाहीत. त्यांचा खालचा थरही बिघडल्याने ते उकरून, खडीकरण व मजबुतीकरण करून पुन्हा डांबरीकरण करावे लागते. त्याचा खर्च वरचा थर देण्याच्या खर्चाच्या कित्येक पट होतो. म्हणजे पहिल्या वर्षी वाचवलेला रुपया काही वर्षांनी अनेक रुपये घेऊन जातो. त्यातच तालुक्यात नवे रस्ते होत असतील, तर राखावयाची लांबी दरवर्षी वाढते आणि तरतूद तेवढीच राहते. नव्या बांधणीची प्रत्येक मंजुरी ही भावी देखभालीचीही मंजुरी असते, हे नियोजन करणाऱ्यांनी विसरता कामा नये.

पैसा कोठून येतो

रस्त्यांसाठी स्थानिक कर ही कल्पना जुनी आहे. मुंबई इलाख्यात गेल्या शतकापूर्वीच्या शतकात, 1869 च्या स्थानिक निधी कायद्यान्वये, जमीनमहसुलाच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा उपकर घेतला जाई व त्यातून रस्ते आणि शाळांचा खर्च भागवला जाई. 1961 च्या अधिनियमाने जिल्हा परिषदांना रुपयामागे 20 पैसे उपकर दिला. उपकराचा दर वाढला, परंतु ज्या जमीनमहसुलावर तो आकारला जातो त्याची आकारणी दीर्घकाळ जवळजवळ स्थिर राहिली. खडी, डांबर व मजुरी यांचे दर चढत गेले. साहजिकच उपकराच्या उत्पन्नातून रस्त्यांचा भार पेलणे अशक्य झाले.

ही अडचणही नवी नाही. बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली 1927 साली नेमलेल्या रस्ते विकास समितीने 1928 च्या अहवालात असे दाखवून दिले, की रस्त्यांचा विकास हा स्थानिक संस्थांच्या आर्थिक कुवतीबाहेरचा विषय होत चालला आहे. त्या अहवालाच्या अनुषंगाने 1929 मध्ये केंद्रीय रस्ते निधी निर्माण झाला. वाहनांच्या इंधनावरील करातून रस्त्यांसाठी पैसा उभा करण्याचे तत्त्व तेव्हापासून देशात मान्य झाले.

जिल्हा परिषदेकडे रस्त्यांसाठी येणारा पैसा मुख्यतः चार वाटांनी येतो. एक, स्वतःचे उत्पन्न : उपकर, मुद्रांक शुल्कातील वाटा, इमारती व गाळ्यांचे भाडे, ठेवींवरील व्याज इत्यादी. दोन, राज्य शासनाची अनुदाने. तीन, जिल्हा नियोजन समितीमार्फत जिल्हा वार्षिक योजनेतून मिळणारा निधी. चार, वित्त आयोगाची अनुदाने व विशिष्ट योजनांचा पैसा. पंधराव्या वित्त आयोगाच्या 2021 ते 2026 या काळात पंचायतींच्या अनुदानाचा 60 टक्के भाग पाणीपुरवठा व स्वच्छता यांसाठी बांधील होता. रस्त्यांसारख्या इतर स्थानिक गरजांसाठी उरलेल्या भागातूनच तरतूद करावी लागे. गौण नव्हे अशा प्रमुख खनिजांच्या पट्ट्यांत 2015 च्या कायदा दुरुस्तीनंतर स्थापन झालेली जिल्हा खनिज प्रतिष्ठानेही साह्य करू शकतात.

लेखाशीर्षांतील भेद येथे ध्यानात ठेवावा. अर्थसंकल्पात 3054 हे ‘रस्ते व पूल’ या विषयाचे महसुली शीर्ष आहे, तर 5054 हे त्याच विषयाचे भांडवली शीर्ष. देखभाल ही मूलतः महसुली बाब होय. भांडवली निधी नव्या व मोठ्या कामांना तुलनेने सहज उपलब्ध होतो. देखभालीचा महसुली निधी मात्र नेहमीच ताणलेला असतो. त्यामुळे आज थोडी दुरुस्ती करण्याऐवजी रस्ता पूर्ण बिघडू देऊन मग नव्या कामात धरण्याकडे कल होतो. हा कल महागडा आहे.

यावर एक उपाय 25 डिसेंबर 2000 रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने दाखवून दिला. या योजनेत रस्ता बांधणाऱ्या ठेकेदारावरच पुढील पाच वर्षांच्या नित्य देखभालीची जबाबदारी करारानेच टाकण्यात आली व त्यासाठीचा पैसा राज्याने द्यावयाचा ठरला. पाच वर्षे रस्ता आपणासच राखावयाचा आहे, हे माहीत असलेला ठेकेदार बांधतानाच अधिक काळजी घेतो. पाच वर्षांनंतर मात्र रस्ता स्थानिक यंत्रणेच्या नेहमीच्या व्यवस्थेत येतो आणि नेमका त्याच सुमारास त्याच्या नूतनीकरणाची वेळ आलेली असते. त्या वर्षाची तरतूद आधीच करून ठेवणे म्हणूनच अगत्याचे आहे.

प्राधान्यक्रम कसा ठरवावा

निधी अपुरा असला म्हणजे निवड करावी लागते. ही निवड केवळ आग्रहावर झाली, तर मोठ्या आवाजाच्या गावाचा रस्ता दोनदा होतो व मुक्या वस्तीचा एकदाही होत नाही. यासाठी वस्तुनिष्ठ निकष हवेत.

पहिला निकष रस्त्याच्या अवस्थेचा. पावसाळा संपताच सर्व रस्त्यांची पाहणी करून त्यांना 1 ते 5 असे गुण देण्याची पद्धत सोपी आहे. यंत्रसामग्री नसली तरी वाहन सहजपणे किती वेगाने जाऊ शकते, यावरून हे गुण देता येतात : ताशी 40 किलोमीटरपेक्षा अधिक वेगाने जाता आले तर 5, 30 ते 40 ला 4, 20 ते 30 ला 3, 10 ते 20 ला 2 आणि 10 पेक्षा कमी असेल तर 1. दुसरा निकष उपयोगाचा : रस्त्यावर अवलंबून असलेली लोकसंख्या, एस.टी.च्या फेऱ्या, शाळा, आरोग्य केंद्र, बाजाराचे गाव. तिसरा निकष पर्यायाचा : त्या गावास दुसरा बारमाही रस्ता आहे काय?

या निकषांवरून कामे लावताना एक गोष्ट प्रथमदर्शनी विपरीत वाटते. सर्वांत वाईट रस्ते आधी घ्यावेत असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु 3 किंवा 4 गुणांचे, अजून तग धरून असलेले रस्ते आधी वाचवणे आर्थिकदृष्ट्या हिताचे असते, कारण थोड्या खर्चात ते 1 गुणावर घसरण्यापासून वाचतात. तथापि ज्या वस्तीला दुसरा रस्ताच नाही, तिला केवळ या हिशोबावर थांबवून ठेवणे न्यायाचे होणार नाही. म्हणून अशा वस्त्यांचा रस्ता निदान चालू राहील एवढी किमान दुरुस्ती प्रथम करावी, मग टिकाऊ रस्त्यांचे नूतनीकरण घ्यावे व पूर्ण बिघडलेले रस्ते मजबुतीकरणासाठी भांडवली निधीत सुचवावेत. हा क्रम ठरला व तो बैठकीत सर्वांसमोर मांडला, की यंदा कोणाचा रस्ता नाही आणि का नाही, हे सदस्यांना गावात जाऊन सांगता येते.

कामाचे वर्ष व आर्थिक वर्ष

रस्त्याचे वर्ष पावसाच्या गतीने चालते, तर हिशोबाचे एप्रिल ते मार्च. या दोहोंचा मेळ घालणे हे नियोजनाचे कौशल्य आहे. एप्रिल-मे मध्ये गटारे व मोऱ्या साफ करून साइडपट्ट्या नीट कराव्यात. जून ते सप्टेंबर या काळात पाण्याला वाट करून देणे व तातडीची दुरुस्ती एवढेच शक्य असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाहणी करून खड्डे भरावेत आणि डिसेंबर ते मे या कोरड्या काळात नूतनीकरण पूर्ण करावे.

परंतु अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, प्रशासकीय मान्यता, निविदा व कार्यारंभ आदेश या टप्प्यांना महिने लागतात. ते निधी आल्यावर सुरू केले, तर काम मार्चअखेरीच्या घाईत सापडते. घाईत खडी पुरेशी दबत नाही, डांबराचे तापमान पाहिले जात नाही व मोजमाप पुस्तिकेत भरलेले काम पहिल्याच पावसात वाहून जाते. यास्तव पाहणी व अंदाजपत्रके आदल्या पावसाळ्यानंतरच तयार ठेवणे हा उत्तम मार्ग होय.

खड्डा भरण्याचीही एक रीत आहे. नुसती खडी व डांबर टाकून फावड्याने थापटल्यास ते आठवड्यातच निघते. खड्डा चौकोनी कापून, कडा उभ्या करून, धूळ व पाणी काढून, डांबराचा पातळ हात देऊन थराथराने भरावयाचा व धुमसून बसवायचा असतो. काम चालू असताना ही एवढी गोष्ट शिक्षक, सरपंच वा जाणता ग्रामस्थ कोणीही पाहू शकतो.

गावाचा वाटा

रस्त्याचे आयुष्य केवळ कार्यालयात ठरत नाही. शेतातील बांध घालताना बाजूचे गटार बुजवले जाते; विहिरीवरून पाइपलाइन नेताना रस्ता आडवा खणून तो माती लोटून सोडला जातो; घरांचे सांडपाणी वेशीपाशी रस्त्यावर सोडले जाते; उकिरडा व ओटे हळूहळू रस्त्याच्या हद्दीत सरकतात. यांतील प्रत्येक कृती क्षुल्लक दिसते, पण पाणी त्यामुळे रस्त्यावर येते. पाइपलाइन टाकण्यास रीतसर परवानगी घेऊन, शक्य तेथे मोरीतून किंवा पाइपच्या आवरणातून ती नेल्यास रस्ता वाचतो. सांडपाण्यासाठी शोषखड्डे घेतल्यास वेशीजवळची नेहमीची डबकी नाहीशी होतात. ग्रामपंचायतीने पावसाळ्यापूर्वी एक दिवस गटारे व मोऱ्यांच्या पाहणीस दिला, तर अभियंत्याच्या अंदाजपत्रकाने होणार नाही एवढे काम होते. जड वाहतूक करणारे कारखाने व खाणधारक यांच्याशी हंगामापूर्वीच बोलून मार्ग व भार ठरवून घेणे आणि दुरुस्तीत त्यांचा सहभाग मिळवणे हेही पंचायत समितीच्या पातळीवर होऊ शकते.

ग्रामसभेत नव्या रस्त्याची मागणी करणारे अनेक असतात. जुन्या रस्त्याचे गटार कोणी उपसावयाचे, हा प्रश्न क्वचितच निघतो. तो निघू लागला, आणि जिल्हा परिषदेच्या अर्थसंकल्पात नव्या कामांच्या यादीइतकीच देखभालीची यादीही बारकाईने वाचली जाऊ लागली, म्हणजे ग्रामीण रस्त्यांच्या व्यवस्थेला खरी स्थिरता येईल. पावसाळ्यातील मध्यरात्री रुग्णास घेऊन निघालेल्या गाडीला तो रस्ता कोणत्या योजनेतून झाला याच्याशी कर्तव्य नसते. तो चालू आहे की नाही, एवढेच तिच्या दृष्टीने महत्त्वाचे असते.